सम-विषम तारखांचा हिशेब आता थांबवा : कीर्तनकार महाराजांना खुले पत्र

महाराष्ट्रातील समस्त कीर्तनकार, प्रवचनकार आणि अखंड हरिनाम सप्ताहांचे संयोजक यांस,



मी एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. हे पत्र आरोग्यमंत्र्यांना किंवा शिक्षण खात्याला लिहिता आले असते, पण ते जाणीवपूर्वक आपल्याला लिहीत आहे. सासू, सून, मुलगा, जावई, पोलीसपाटील आणि शाळेतली पोरे एकाच मंडपात दोन तास बसून एका माणसाचे बोलणे मन लावून ऐकतात, असे आज खेड्यात कीर्तनाशिवाय कुठेही घडत नाही. ग्रामसभेला कोरम भरत नाही. आशाताई दारोदार फिरून जे सांगतात ते ओसरीवरच राहते. तीच गोष्ट महाराजांनी वीणेकऱ्याच्या साक्षीने सांगितली की घरात शिरते आणि राहते. आपल्या शब्दाला हे वजन आहे म्हणूनच तो शब्द कशासाठी खर्च होतो, याची मला काळजी वाटते.

सम तारखेला स्त्रीसंग केला तर मुलगा होतो आणि विषम तारखेला केला तर मुलगी, हे विधान आपल्याकडच्या कीर्तनांतून अनेकांनी ऐकले आहे. अशाच एका विधानावरून २०२० साली वाद पेटला आणि ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या खटल्यात मला शिरायचे नाही आणि कोणाचे नावही घ्यायचे नाही. विधान एका माणसाचे नाही. ते शेकडो वर्षे आपल्या समाजात फिरते आहे, आणि मंडपात ते उच्चारले जाते तेव्हा समोर बायकांच्या बाजूला दोन मुलींची एक आई बसलेली असते. तिच्या शेजारी तिची सासू असते. दोघीही ते ऐकतात. घरी गेल्यावर त्याचा अर्थ एकच निघतो : हिला तारीखही पाळता आली नाही.

म्हणून आधी विज्ञान नीट सांगते. ते अवघड नाही.

माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजे २३ जोड्या. त्यातली एक जोडी लिंगाची. स्त्रीच्या जोडीत दोन्ही एक्स, पुरुषाच्या जोडीत एक एक्स आणि एक वाय. स्त्रीबीजात या जोडीतले एकच गुणसूत्र जाते आणि ते एक्सच असते, कारण तिच्याकडे दुसरे काही नसतेच. शुक्राणूत मात्र एक्स जाऊ शकते किंवा वाय. एक्सवाला शुक्राणू बीजाला भेटला तर मुलगी, वायवाला भेटला तर मुलगा.

ही गोष्ट उघडकीस आणणाऱ्यांत एक बाई होत्या, हे मी वर्गात आवर्जून सांगते. अमेरिकेतल्या ब्रिन मॉर महाविद्यालयात नेटी स्टीव्हन्स पिठात वाढणाऱ्या टेनेब्रिओ नावाच्या भुंगेऱ्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजत होत्या. मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रे दिसली. नराच्या पेशीत १९ मोठी आणि एक अगदी लहान. नराच्या शुक्राणूंत निम्म्यांमध्ये ते लहान गुणसूत्र होते, निम्म्यांमध्ये नव्हते. १९०५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी एडमंड विल्सन हेही स्वतंत्रपणे त्याच दिशेने पोचले होते. सात वर्षांनी कर्करोगाने स्टीव्हन्स गेल्या. माणसात वाय गुणसूत्रच पुरुषलिंग ठरवते हे पक्के व्हायला १९५९ साल उजाडले आणि त्या गुणसूत्रावरचे नेमके जनुक १९९० साली लंडनमध्ये सापडले. म्हणजे आपल्या पूर्वजांना हे माहीत नव्हते यात त्यांचा काही उणेपणा नाही. शुक्राणू नावाची वस्तू डोळ्यांनी पाहिली गेली तीच १६७७ साली, लेव्हेनहुकच्या भिंगातून.

आता निम्मे-निम्मे का, ते पाहा. साऱ्या तारखांच्या हिशेबाचे उत्तर इथेच आहे. वृषणात शुक्राणू तयार होताना एका मूळ पेशीचे दोनदा विभाजन होऊन चार शुक्राणू बनतात. मूळ पेशीत एक्सही असतो आणि वायही. विभाजनात ते वेगळे होतात, त्यामुळे चारांपैकी दोघांच्या वाट्याला एक्स येतो आणि दोघांच्या वाट्याला वाय. पुरुषाने काय खाल्ले, तो कोणत्या कुशीवर झोपला, कोणता मंत्र म्हटला, यावर ही वाटणी अवलंबून नाही. पेशी ज्या रीतीने दुभंगते त्या रीतीतच ती समान वाटणी आहे. शिवाय हे चारही शुक्राणू बनत असताना एकमेकांशी बारीक पुलांनी जोडलेले असतात आणि त्या पुलांवरून एकमेकांची रसायने वापरतात. म्हणून एक्सवाला आणि वायवाला असे दोन वेगळे स्वभाव त्यांच्यात फारसे उमटतच नाहीत. फरक एवढाच की एक्स गुणसूत्र आकाराने मोठे असल्यामुळे माणसाच्या एक्सवाल्या शुक्राणूत डीएनए सुमारे २.८ टक्के जास्त असतो.

या कारखान्याला वेळ लागतो. मूळ पेशीपासून शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास काळ जातो. आज रात्री जे शुक्राणू शरीराबाहेर पडणार आहेत त्यांची एक्स-वायची वाटणी कधीचीच होऊन गेलेली आहे. एका वेळच्या वीर्यात काही कोटी शुक्राणू असतात आणि त्यातले निम्म्याच्या आसपास एक्सवाले, निम्म्याच्या आसपास वायवाले. हे अनुमान नाही, मोजलेले आहे. गेल्या तीस वर्षांत गुणसूत्रांना दोन वेगवेगळ्या रंगांच्या चमकत्या खुणा लावून एकेक शुक्राणू तपासण्याचे तंत्र प्रयोगशाळांत रुळले. निरनिराळ्या देशांतल्या पुरुषांचे हजारो शुक्राणू असे मोजले गेले आणि आकडा पन्नासच्या आसपासच घुटमळत राहिला.

मग तारखेचे काय? क्षणभर विधान खरे धरून चालू या. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम दिवसभर टिकते, पण शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे संग चार तारखेला झाला आणि गर्भ सात तारखेला राहिला, असे सहज घडते. कोणती तारीख धरायची? चार सम आहे, सात विषम. शिवाय आपण जी तारीख म्हणतो ती ग्रेगोरियन पंचांगाची. जुन्या ग्रंथांत, मनुस्मृतीत आणि आयुर्वेदाच्या संहितांत सम रात्री आणि विषम रात्री आहेत खऱ्या, पण त्या रजोदर्शनाच्या पहिल्या दिवसापासून मोजलेल्या आहेत. ग्रंथ एक मोजतो आणि आपण कॅलेंडरावर दुसरेच मोजतो. ग्रंथाचा आधार घेऊन बोलणाऱ्याने निदान ग्रंथ काय म्हणतो ते तरी पाहावे, असे मला मनापासून वाटते.

आणि ग्रंथ म्हणतो तेही खरे ठरलेले नाही, हे आदराने पण स्पष्ट सांगायला हवे. पाळीपासून मोजलेल्या रात्रींचा हिशेब म्हणजे अखेर बीज बाहेर पडण्याच्या आधी-नंतरच्या दिवसांचा हिशेब. तो आधुनिक वेषातही आला होता. अमेरिकेतले लँड्रम शेटल्स या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात असे मांडले की वायवाले शुक्राणू चपळ पण अल्पायुषी असतात, एक्सवाले संथ पण चिवट असतात, म्हणून बीज बाहेर पडण्याच्या अगदी जवळ संग केला तर मुलगा आणि आधी केला तर मुलगी. त्यांचे पुस्तक लाखोंनी खपले. आपल्याकडच्या मासिकांत, पुस्तिकांत आणि आता मोबाइलवर जे फिरते त्यातले बरेचसे तिथूनच झिरपलेले आहे. मग १९९५ साली ॲलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२१ स्त्रियांच्या रोजच्या लघवीची तपासणी करून बीज बाहेर पडण्याचा दिवस ठरवला, संगाचे दिवस नोंदवले आणि ताळा केला. गर्भ राहतो तो बीज बाहेर पडण्याचा दिवस धरून आधीच्या सहा दिवसांतच, हे त्यातून पक्के झाले. त्या सहा दिवसांतला कोणता दिवस होता यावर बाळ मुलगा की मुलगी हे मात्र ठरत नव्हते. शेटल्स यांना सूक्ष्मदर्शकाखाली जे दोन वेगळे आकार दिसले असे ते म्हणत होते, तेही नंतर कोणाच्या मोजणीत टिकले नाहीत.

औषधांबद्दल मला जास्त कडकपणे बोलावे लागेल. ‘पुत्रप्राप्ती’ची पुडी गर्भ राहिल्यानंतर, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिली जाते. तोपर्यंत बाळाचे लिंग ठरून गेलेले असते, ते शुक्राणू बीजात शिरला त्याच क्षणी ठरले. मग पुडी काय करते? हरयाणात संशोधकांनी अशी औषधे गोळा करून तपासली तेव्हा काहींमध्ये स्त्री-पुरुष संप्रेरकांसारखी द्रव्ये सापडली आणि ती घेतलेल्या बायकांच्या पोटी व्यंग असलेली बाळे जन्मण्याचे प्रमाण जास्त दिसले. ज्या आठवड्यांत बाळाचे हृदय आणि हातपाय घडत असतात त्याच आठवड्यांत आईला हे पाजले जाते. पुढे मुलगा झाला तर पुडीला यश, मुलगी झाली तर सुनेने पथ्य पाळले नाही. दोघांपैकी एकच होणार असल्यामुळे पुडी विकणारा निम्म्या वेळा आपोआप बरोबर ठरतो, आणि त्या निम्म्यांची ख्याती गावभर होते. सप्ताहाच्या मंडपाबाहेर असे औषध विकायला बसलेला माणूस मी पाहिला आहे. त्याला तिथून उठवण्याचा अधिकार संयोजकांना आहे.

आता कोणी विचारेल की शुक्राणूंतले एक्स-वायचे हे निम्मे-निम्मे प्रमाण कशानेच हलत नाही का? हलते, किंचित. विज्ञान शिकवणारीने तेही लपवू नये. पण कशाने हलते ते पाहिले की आपली सगळी चर्चा किती भलतीकडे चालली आहे ते कळते.

स्वीडनमधल्या मच्छीमारांच्या रक्तात पीसीबी ही औद्योगिक रसायने आणि डीडीटीपासून बनणारे द्रव्य किती आहे ते २००५ साली मोजले गेले. ज्यांच्यात ते जास्त होते त्यांच्या शुक्राणूंत वायवाल्यांचे प्रमाण टक्का-दीड टक्क्याने अधिक निघाले. हाच अभ्यास पुढे स्वीडन, ग्रीनलंड, पोलंड आणि युक्रेन अशा चार ठिकाणी झाला, तर पोलंडमध्ये कल उलट्या दिशेला दिसला. ईशान्य चीनमध्ये बोरॉनच्या कामावरील मजुरांत दर १०० एक्समागे ९३ वाय मोजले गेले, तुलनेच्या गटात ९९. तुर्कस्तानात नंतर झालेल्या मोजणीत बोरॉनचा असा परिणाम दिसला नाही. एवढीच ही हालचाल आहे. शंभरातले एक, दोन, फार तर तीन शुक्राणू इकडचे तिकडे. एखाद्या जोडप्याला त्यातून काहीच निवडता येत नाही.

मोठे धक्के बसले ते विषबाधेने. १० जुलै १९७६ रोजी इटलीत सेव्हेसो गावाजवळच्या कारखान्यातून डायॉक्सिनचा ढग बाहेर पडला. १९७७ ते १९८४ या काळात सर्वाधिक बाधित भागात २६ मुलगे आणि ४८ मुली जन्मल्या. पुढच्या तपासात दिसले की फरक पडत होता तो बापाच्या शरीरात गेलेल्या विषामुळे, आणि अपघाताच्या वेळी जे पोरवयाचे होते त्यांच्यात तो जास्त होता. आईच्या शरीरातल्या विषाने तसा फरक पडला नाही. डीबीसीपी नावाचे पिकांच्या मुळांवरच्या कृमींना मारणारे औषध हाताळणाऱ्या इस्राएलमधल्या कामगारांचे शुक्राणू आधी जवळजवळ नाहीसे झाले. ज्यांचे पुन्हा तयार होऊ लागले त्यांना मुलींच्या तुलनेत मुलगे कमी झाले. हे परिणाम शुक्राणूंच्या प्रमाणातून आले की गर्भ टिकण्या-न टिकण्यातून, ते नुसत्या जन्माच्या आकड्यांवरून सांगता येत नाही. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर नऊ महिन्यांनी जन्मलेल्यांत मुलग्यांचे प्रमाण थोडे घटले होते, तिथेही हाच प्रश्न उरतो.

यातून आपल्या श्रोत्यांसाठी निघणारी गोष्ट वेगळीच आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले. तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत, आणि त्याच हाताने भाकरी, हे चित्र आपण रोज पाहता. बापाच्या शरीरातून पुढच्या पिढीपर्यंत काही पोचत असेल तर ते हे विष. मुलगा की मुलगी हे सोडा, मूल निरोगी व्हावे, बापाचे बीज शाबूत राहावे, यासाठी फवारणीच्या वेळी काय काळजी घ्यावी यावर कीर्तनात दोन मिनिटे बोललात तर सम-विषमच्या साऱ्या गप्पांपेक्षा ती गावाच्या जास्त कामाची ठरतील.

‘त्यांच्या घराण्यात मुलगेच होतात’ हेही एक जुने वाक्य. सोयरिकी त्यावर जुळतात आणि मोडतात. स्वीडनमध्ये १९३२ पासून जन्मलेल्या सगळ्या लोकांच्या नोंदी घेऊन २०२० साली हे तपासले गेले. ४७ लाखांहून अधिक अपत्यांचा हिशेब होता. सख्ख्या भावंडांना होणाऱ्या मुलामुलींच्या प्रमाणात काही साम्य आहे का, तर नाही. घराण्यातून ही गोष्ट उतरत नाही. २०२५ साली अमेरिकेतल्या ५८ हजार परिचारिकांच्या कुटुंबांचा अभ्यास आला, त्यात मात्र काही घरांत एकाच लिंगाची मुले होण्याकडे थोडा कल दिसला आणि पहिल्या बाळंतपणाच्या वेळी आईचे वय जास्त असेल तर तो कल किंचित वाढलेला दिसला. शास्त्रज्ञांमध्ये यावर अजून वाद चालतील. पण तो कल खरा धरला तरी कोणाच्या घरी तो कोणत्या बाजूला झुकेल ते आधी सांगता येत नाही आणि कोणाला तो वळवताही येत नाही. नाण्याची फेक आहे, आणि नाणे कोणाच्याच हातात नाही.

इथपर्यंत मी म्हटले की हे घडवता येत नाही. आता पुढचे सांगते, कारण आपल्या मंडपातल्या एखाद्या दूधवाल्या शेतकऱ्याला ते आधीच ठाऊक आहे. गायीला कालवडच व्हावी म्हणून लिंगविनिश्चित रेतमात्रा आता गावोगाव मिळतात, ज्याला तो ‘सॉर्टेड सीमेन’ म्हणतो. डीएनएतला तोच थोडासा फरक पकडून यंत्र एक्सवाले आणि वायवाले शुक्राणू वेगळे करते आणि दहातल्या नऊ वेळा अंदाज बरोबर येतो. राष्ट्रीय गोकुळ मोहिमेतून त्याला अनुदानही मिळते. हेच यंत्र अमेरिकेत काही वर्षे माणसासाठी प्रायोगिक स्वरूपात वापरले गेले. २०२३ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी दाट-विरळ द्रवांच्या थरांतून शुक्राणू वेगळे करून ऐंशी टक्क्यांच्या आसपास भ्रूण जोडप्यांना हव्या त्या लिंगाचे मिळाल्याचे प्रसिद्ध केले आणि त्यावर जगभर नैतिकतेचा वाद झाला. २०१९ साली हिरोशिमातल्या संशोधकांनी उंदराच्या एक्सवाल्या शुक्राणूंना रसायनाने संथ करून दाखवले.

तेव्हा ‘हे शक्यच नाही’ हा आपल्या बोलण्याचा पाया ठेवू नका. तारखेने, अन्नाने, पुडीने शक्य नाही हे खरे. पण प्रयोगशाळेत ते हळूहळू शक्य होत आहे. आपला पाया ‘हे मागायचेच नाही’ हा असायला हवा. महाराष्ट्राने तो फार पूर्वी घातला आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली इथे झाला. केंद्राचा कायदा १९९४ चा. ‘सेहत’, ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेल्यानंतर २००३ पासून त्या कायद्यात गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही आली, म्हणजे शुक्राणू वेगळे करून देणे हाही आपल्या देशात गुन्हा आहे. दोन मुलींनंतर मुलगा हवा म्हणून एका दांपत्याने याला आव्हान दिले, तेव्हा २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. लिंगनिवडीची जाहिरात करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि आता तो आकडा, ज्यासाठी खरे तर हे पत्र आहे. शुक्राणूंत निम्मे-निम्मे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात लाखाहून अधिक भ्रूण तपासले तेव्हा गर्भधारणेच्या वेळीही प्रमाण निम्मे-निम्मेच निघाले. गर्भात असताना एकूण मिळून मुलींचे गर्भ थोडे अधिक गळतात, म्हणून जन्माला येताना जगात १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे येतात. हजार मुलग्यांमागे मोजले तर ९५० मुली. हा निसर्गाचा हिशेब. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. बीड जिल्ह्यात ८०७.

बीडच्या पुरुषांच्या वीर्यात एक्स कमी नाहीत. तिथल्या पंचांगात सम तारखा जास्त नाहीत. निसर्गाने दिलेल्या ९५० आणि प्रत्यक्षात उरलेल्या ८०७ यांच्यात जे अंतर आहे ते सोनोग्राफीच्या खोलीत आणि त्यानंतरच्या गर्भपाताच्या टेबलावर पडले आहे. तारखेचे विधान निरुपद्रवी वाटते, ‘महाराज गमतीने बोलले’ असे म्हणून लोक सोडून देतात. पण ज्याने तारीख पाळली आणि तरी शंका राहिली, तो पुढची पायरी चढतो. मुलगा मागणे रास्त आहे, मिळवायचा मार्ग तेवढा शोधायचा, ही परवानगी त्याला मंडपातच मिळालेली असते. जनगणनेच्या त्याच वर्षी, २०११ साली, सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’ नावाच्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे दिली गेली. आईबापांनी पोरीला नकोशी म्हणून हाक मारायची आणि तिने ‘ओ’ द्यायची, हे ज्या घरांत चालत होते त्या घरांत हरिपाठही होत असेल. मला हे लिहितानाही त्रास होतो.

एक विनंती सांगण्याच्या रीतीबद्दल. काही कीर्तनकार हा विषय घेतात आणि म्हणतात, ‘मुलगी झाली तर बाईचा दोष नाही, दोष पुरुषाचा.’ त्यामागची तळमळ मला कळते, आणि सुनेवरचे ओझे उतरवायला ते वाक्य उपयोगी पडते. तरीही ते अर्धेच खरे आहे. शुक्राणू पुरुषाचा असतो, पण कोटींतला कोणता बीजाला भेटावा हे तो ठरवत नाही. आणि दोष म्हटले की मुलगी होणे ही चूक आहे हे मान्य केल्यासारखे होते. दोष कोणाचाच नाही, कारण चूक काही झालेलीच नाही. एवढे एक वाक्य आपण बदललेत तरी पुष्कळ होईल.

आपल्या परंपरेला हे परके नाही. मुक्ताबाईंनी रुसून ताटी लावून बसलेल्या थोरल्या भावाची समजूत घातली आणि वारकऱ्यांनी तिला माय मानले. गंगाखेडची जनाबाई, मंगळवेढ्याची कान्होपात्रा, सोयराबाई, शिऊरची बहिणाबाई यांचे अभंग आपण निरूपणाला घेता. त्यांतल्या एकीच्याही आईबापांनी तारीख पाहिली होती का, हा प्रश्न आपल्याला सुचत नाही, आणि सुचूही नये. गाडगेबाबांनी कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारून बकऱ्याचा बळी, कर्ज काढून केलेली लग्ने, अस्वच्छता यांवर लोकांना बोलते केले. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत महिलोन्नतीवर स्वतंत्र अध्याय लिहिला. कीर्तनातून समाज बदलला याचे दाखले बाहेरून आणण्याची गरज नाही.

म्हणून मागणे असे. या वर्षीच्या सप्ताहात, काल्याच्या दिवशी नाही तर एखाद्या मधल्या रात्री, मंडप भरलेला असताना, एक्स आणि वायची ही गोष्ट सांगा. ती सांगायला पाच मिनिटे पुरतात, आपल्यासारख्या वक्त्याला तर तीनच. सांगताना पुरुषांच्या बाजूकडे पाहून सांगा, कारण आजवर हा विषय बायकांकडे पाहून सांगितला गेला आहे. आपल्या आधीच्या कीर्तनांत सम-विषमचा उल्लेख होऊन गेला असेल, तर तो चुकीचा होता असेही त्याच व्यासपीठावरून म्हणा. लोक आपला मान त्यामुळे कमी करणार नाहीत. पुत्रप्राप्तीच्या औषधाची जाहिरात मंडपाच्या फलकावर घेऊ नका, देणगी कितीही मोठी असली तरी. गावात गर्भलिंग तपासणीचा सुगावा लागला तर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक किंवा जिल्हा शल्यचिकित्सक हे कायद्याने समुचित प्राधिकारी आहेत, त्यांच्याकडे तक्रार करता येते, हेही सांगा. आणि मंडपात दोन मुलींना घेऊन आलेले आईबाप दिसले तर त्यांना पुढे बोलावून, सगळ्या गावासमोर, त्या मुलींच्या हातून विठोबाला हार घाला.

आपली,
प्राणिशास्त्राची एक शिक्षिका